वितळवलेल्या बर्फातली पिलं

कॅनडातल्या आमच्या रेजिना शहरात नळाला क्षारांचं जड पाणी येतं. निऑन टेट्रा म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे, पण त्यांची अंडी असल्या पाण्यात फळत नाहीत. म्हणून नवरा मागच्या अंगणातला स्वच्छ बर्फ बादल्या भरून बेसमेंटमध्ये आणायचा आणि वितळवायचा. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपस म्हटलं की ह्याची पाठ धरायची. माशांसाठी मात्र उणे तीसमध्येही साहेब बाहेर. मी जाम चिडायचे.

या हिवाळ्यात पहिल्यांदाच अंडी फुटली. केसाएवढी पिलं जगली, वाढली, अंगावर निळी रेघ उमटू लागली. “चल, दिवे लागलेत!” म्हणत त्याने मला भरल्या ताटावरून उठवून खाली नेलं. त्याच आठवड्यात तो बादलीसकट मागच्या दारात कोसळला आणि गेला.

दहाव्याला मागच्या दाराबाहेर डेकवर पिंड ठेवला. इथले कावळे थंडीआधीच दक्षिणेला निघून जातात, हे भारतातून आलेल्या सासूबाईंना सांगायचा मला धीर झाला नाही. त्या काचेमागे उभ्या राहून वाट पाहत होत्या. भात गोठून दगड झाला.

“त्याचा जीव कशात अडकलाय, ते बोल गं,” त्या म्हणाल्या.

मी दार उघडून ओरडले, “अरे, तुझी पिलं मी सांभाळीन!”

कुणी आलं नाही. मला त्याचाच राग आला, आणि मग रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले, तर सासूबाई पिलांच्या टाकीपुढे स्टूल घेऊन बसल्या होत्या. पिलांना उजेड सोसत नाही म्हणून नवऱ्याने टाकीला लावलेला काळा कागद त्यांनी काढून ठेवला होता.

“काल तो भात मी यांना घातला,” त्या म्हणाल्या. “त्याचा जीव यांच्यातच होता ना?”

पाणी पांढरट झालं होतं, वास मारत होतं. इतक्या लहान पिलांना चिमूटभर जास्तीचं खाणंही सोसत नाही, पाणी लगेच नासतं. सगळी तळाशी पडली होती, भाताच्या ढेकळाभोवती. एकाच्याही अंगावर निळं काही उरलं नव्हतं. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी काचेला नाक लावलं.

“बघ, कशी भाताभोवती जमलीत. शिवली ना गं?”

मी त्यांचा हात धरला.

“हो आई,” म्हटलं. “जेवला तो.”