सगळ्यांची एकच वास्तुशांत

अंबरनाथच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकून मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, लग्नपत्रिकांच्या दुकानात नोकरीला लागले. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. दुकान एका सिंधी शेठचं. पत्रिकेचा मजकूर मी कॉम्प्युटरवर जुळवायचा, फ्लॉपीवर घालायचा, आणि फ्लॉपी आणि वर चित्र असलेल्या, आतून कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे अंबरनाथच्या छापखान्यात जायचे.

त्या त्या दिवशी छापायच्या फाइली निवडून 'छपाई' नावाच्या फोल्डरमध्ये टाकणं हे मोठं किचकट काम होतं. एकेक नाव टाइप करताना एखादी हमखास राहायची आणि मग नवरदेवाचा बाप दुकानात येऊन उभा. म्हणून मी एक बॅच फाइल केली. फाइलींची नावं एकाखाली एक, प्रत्येकीपुढे 'छपाईत कॉपी कर' एवढी आज्ञा, आणि शेवटी 'छपाई फ्लॉपीवर उतरव'. संध्याकाळी दुकान बंद करताना मी तो फोल्डर दुसऱ्या दिवसासाठी रिकामा करून ठेवायचे. एंटर मारलं की कॉम्प्युटर ओळीमागून ओळ वाचत काम उरकायचा आणि प्रत्येक ओळीनंतर पडद्यावर 'एक फाइल कॉपी झाली' असं इंग्रजीत सांगायचा. शेठ मागे उभे राहून म्हणायचे, "वा बेटी, मशीन तर नोकरासारखी जबान देते!"

त्यांना एवढा नाद लागला की मी त्यांना दोन आज्ञा शिकवल्या. फोल्डरमध्ये काय आहे ते बघायची आणि रिकामा फोल्डर काढून टाकायची.

ऐन लग्नसराईत एका सकाळी मी नेहमीसारखी बॅच फाइल चालवली. 'एक फाइल कॉपी झाली' हे भराभरा पडद्यावर उमटत गेलं. फ्लॉपी गठ्ठ्यांसकट रवाना झाली. दुपारी छापखान्याचा फोन आला. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड होती, शेठनीच तो घेतला. पलीकडून कुणी विचारत होतं, फ्लॉपीवर एकच फाइल दिसतेय, काय करू? शेठ एका कानाने फोन आणि दुसऱ्याने एका वरमाईचं ऐकत होते. ते ओरडले, "अरे, जो है वही छापो! सब छापो!"

त्याने सब छापलं.

संध्याकाळी गठ्ठे परत आले. डोलीच्या चित्राची पत्रिका उघडली तर आत बदलापूरच्या एका काकांची वास्तुशांत. सनईची उघडली, वास्तुशांत. राधाकृष्णाची उघडली, तीच वास्तुशांत.

शेठ एकेक गठ्ठा सोडत गेले. मी कॉम्प्युटर उघडून बघितलं तर 'छपाई' फोल्डर गायब, आणि त्याच्या जागी 'छपाई' नावाची एक फाइल.

"शेठ, फोल्डर कुठे गेला?"

"तो? सकाळी बघितला, एकदम खाली होता. दुकानात खाली डबा ठेवत नाय बेटी, बरकत जाते. मी काढून टाकला. मशीनने पण काय नाय बोलली!"

आता माझ्या लक्षात आलं. फोल्डर नसल्यामुळे कॉम्प्युटरने 'छपाई' हे फाइलीचंच नाव समजून प्रत्येक पत्रिका त्याच नावावर उतरवली होती, आधीची पुसून. यादीत शेवटी काका होते, म्हणून काका वाचले. मी समजावून सांगितल्यावर शेठ हळूच म्हणाले, "म्हणजे मशीन खोटं नाय बोलली."

दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने छापून घेतलं. फोल्डर पुन्हा बनवला आणि त्यात 'शुभ' नावाची एक फाइल कायमची ठेवली, म्हणजे शेठना तो रिकामा सापडू नये. नंतर काका आपल्या थोड्याशा पत्रिका न्यायला आले. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. शेठनी त्यांच्यापुढे सगळे गठ्ठे मांडले. "ले जाओ काका, फुकट. आम्ही काय करणार यांचं?"

काका हरखले. "फुकट? मग वाटून टाकतो!"

आणि त्यांनी खरोखर वाटल्या. बदलापूरची ती इमारत नवीकोरी, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. काकांनी मजल्यामजल्यावर दिल्या, शेजारच्या इमारतींत दिल्या, दूधवाल्याला दिल्या, बारवी धरणाकडच्या पाड्यावरून भाजी विकायला येणाऱ्या बायांनाही दिल्या. डोलीचं चित्र बघून एकीने काकूंना विचारलं म्हणे, "मुलीचं का?" काकू म्हणाल्या, "नाही हो, घराचंच लग्न आहे."

आम्हालाही आमंत्रण होतं. मी आणि शेठ गेलो तर रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. ओळख ना पाळख, कोण येणार, असं धरून स्वयंपाक जेमतेम घरच्यांपुरता केलेला. काकू घामाघूम. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी आपलं दार उघडलं, आणखी दोन चुली पेटल्या, कुणी कणीक मळायला घेतली, पाड्यावरच्या बायांनी आणलेली भाजी तिथेच चिरली. शेठ रिक्षाने जाऊन मिठाईचे खोके घेऊन आले आणि स्वतः वाढायला लागले. पंगती गच्चीवर उठत होत्या, बसत होत्या. शेवटच्या पंगतीत काका-काकू जेवायला बसले, तेव्हा त्यांना आग्रह करायला अख्खी इमारत उभी होती.