आत्याला सांगितलेलं खरं

शिरूरला कॉलेजच्या जिन्यात होते, तेव्हा मामांचा फोन आला. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ‘गेली गं,’ एवढंच म्हणाले. त्याला आता महिना होत आला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात इंग्रजीत उत्तर द्यायची वेळ आली की मी वहीत काहीतरी शोधल्यासारखं करायचे. पहिल्या वर्षी सुट्टीत खुटबावला आत्याकडे गेले आणि रडले. सातवीनंतर तिचं लग्न झालेलं. ती हसली. ‘लाईट, मोटार, टेन्शन, अर्जंट... दिवसभर इंग्रजीच बोलतोय की आपण. नुसतं वाक्यात बसवायचं ऱ्हायलंय. जा, म्हशीला सांग. ती कुणाला हसत न्हाई.’ मग मी गोठ्यात उभी राहून म्हशीला सांगायचे, ‘द पॉवर इज ऑफ. वी विल स्टार्ट द मोटर लेटर.’ म्हशीनं कान हलवला की धार काढता काढता आत्या म्हणायची, ‘पटलं बघ तिला. आता सरांना सांग.’

या थंडीत तिचं पोट दुखायला लागलं. दौंडला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर रोज ‘मावशी, बऱ्या व्हाल’ म्हणायचे आणि दाराबाहेर दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचे. आत्याचे कान तिकडेच असायचे. एकदा मामा चहा आणायला गेले, तसा तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

‘मराठीत समदे बऱ्या व्हाल म्हणत्यात. तू इंग्रजीत इचार. तुला खरं सांगतील.’

‘आत्या, मला भीती वाटते.’

‘मला न्हाई का वाटत? जा.’

मी बाहेर जाऊन विचारलं, ‘डॉक्टर, विल माय आंट गेट बेटर?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू, इंग्रजीतच सांगितलं. आता बऱ्या होणार नाहीत. बसता-बोलता येतंय तोवर घरी न्या. मला प्रत्येक शब्द कळला. इतकं सरळ इंग्रजी मला कधीच कळलं नव्हतं, आणि वाटलं, कळलं नसतं तर... मी दारातच थांबले. ती माझ्याकडेच बघत होती.

‘काय म्हणाले?’

‘घरी न्या म्हणाले.’

‘बरी हून, का तशीच?’

‘तशीच, आत्या.’

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘मामांना लगीच सांगू नगंस. चहा पिऊ दे त्यांला.’

घरी आल्यावर तिनं ओट्यावर बसून मामांना धार काढायला शिकवलं. म्हैस लाथा झाडायची, मामा वैतागायचे, आत्या हसायची. हसताना तिला दुखत असेल, या भीतीनं मला मात्र हसू यायचं नाही.

परवा गेले तर तिच्या खोलीत फळीवर औषधं तशीच होती. मामांनी एकेक पुढं केलं.

‘वाच की. हे कशाचं?’

‘दुखायचं थांबायला.’

‘आन् हे?’

‘झोपेचं.’

तिसरी बाटली भरलेलीच होती. मामा ती हातातच धरून राहिले. ‘ही द्यायची ऱ्हाऊन गेली गं. दिली असती, तर?’

मला पुन्हा दौंडचं ते दार आठवलं. मी लेबल वाचलं, खात्रीसाठी परत वाचलं; टॉनिकच होतं. ‘हे नुसतं ताकदीचं हाय, मामा. दिलं असतं तरी ती ऱ्हायली नसती.’

मामांनी मान हलवली. बाटली धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा फळीवर ठेवली.