बिडाच्या तव्याला कोण तेल लावतं

आई गेल्यावर तिचा बिडाचा तवा कितीतरी महिने गॅस सिलिंडरच्या मागे उभा होता. तिच्या सासूकडून आलेला, एक कान तुटलेला, आणि इतका जड की उचलायला मला दोन्ही हात लागत. आई त्याच्यावर फक्त घावनं करायची. त्याला साबण लावायचा नाही, तापलेला असताना गार पाणी ओतायचं नाही, धुतला की गॅसवर कोरडा करून तेल फिरवूनच ठेवायचा, हे तिचे नियम. तिच्यामागे ते पाळणारं कोणी उरलं नाही. नेरूळच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे. दुपारी डबा यायचा, रात्री दूध-पोहे. मी तळोज्याहून रविवारी जायची आणि दर वेळी तव्यावरचा गंज थोडा वाढलेला दिसायचा. घरी न्यावा असं मनात यायचं, पण राहून जायचं.

एका रविवारी सिलिंडर बदलायला म्हणून वाकले, तर तवा काळाभोर, तुकतुकीत. बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं. वास घेतला तर खोबरेल. आई कायम शेंगदाण्याचं तेल लावायची.

मी बाबांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले की कामवाल्या बाईने घासला असेल. मला पटलं नाही. ती बाई तारेच्या घासणीशिवाय भांड्याला हात लावत नाही. तिने घासला असता तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबडा झाला असता. निघताना ती जिन्यात भेटली, तिलाच विचारलं. तिने सांगितलं, साहेबांनी त्या तव्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय.

म्हणजे बाबा माझ्याशी खोटं बोलले होते. साध्या तव्यावरून.

त्यानंतर मी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायची. एकदा वाटीत अर्धा कांदा दिसला, काट्याला टोचलेला, तेलात माखलेला. आमच्याकडे तव्याला तेल लावायला चिंधीची पुरचुंडी असायची. एकदा केरात करवंटी सापडली. बाबांनी जन्मात कधी नारळ खवला नव्हता. जाळीत दोन ताटल्या उपड्या घातलेल्या. काही विचारलं की बाबा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बोलायला लागत. त्यात त्यांची तब्येत सुधारलेली, दाढी रोजच्या रोज केलेली.

पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, "बाई असणार. लक्ष ठेव, उद्या फ्लॅटवर हक्क सांगेल." मी त्याला झापलं, पण फोन ठेवल्यावर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

शेवटी एका बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि न कळवता गेले. माझ्याकडे किल्ली होती. दार उघडताच घावनांचा वास आला. ओट्याशी साठी उलटलेली एक बाई उभी होती, साधी सुती साडी, कानात जड सोनं. बाबा खाली पाट मांडून नारळ खवत होते.

ते उठले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाई गावठाणातल्या, सकाळी फिरायला जाताना ओळख झालेली. जुन्या घराच्या जागी मुलांनी बिल्डिंग बांधली, नव्या किचनमध्ये काचेची शेगडी आली आणि त्यांचे बिडाचे तवे भंगारात गेले. बाबांनी सहज सांगितलं की आमच्याकडे एक गंजत पडलाय. पहिले काही दिवस तर त्या नुसता तवाच दुरुस्त करत होत्या. खडे मीठ आणि नारळाच्या शेंडीने गंज काढला, पेजेत बुडवून ठेवला, मग तेल लावून तापवायचा आणि निववायचा, पुन्हा पुन्हा. त्यानंतर कुठे पीठ पडलं त्याच्यावर.

मग माझ्यापासून लपवलं का, असं मी विचारलं.

बाबा म्हणाले, "तू विचारत नव्हतीस. तू चौकशी करत होतीस."

बाई वळल्या नाहीत. पीठ ढवळत म्हणाल्या, "तुजे आईचा तवा हाय, बाय. मी घेऊन नाय जानार."

तव्याबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. मला राग आला, आणि भूकही लागली होती. त्यांनी कांद्याने तेल फिरवलं, पीठ ओतलं, झाकण ठेवलं. जाळी पडलेलं घावन अख्खं सुटून आलं. त्या त्याला पोले म्हणाल्या आणि पहिलं मलाच वाढलं. आईच्यापेक्षा पातळ, मीठ किंचित जास्त. मी चार खाल्ली. छान झालीत असं मात्र म्हटलं नाही.

त्या गेल्यावर मी आईचं कपाट उघडून पाहिलं. साड्या जागच्या जागी होत्या, बांगड्यांचा डबाही. बाबा दारात उभे राहून बघत होते.

आता मी फोन करून जाते. त्यांच्यात नेमकं काय आहे हे मला कळलेलं नाही, आणि संशय पुरता फिटलाय असंही नाही. कधी रविवारी त्याही असतात. मग आम्ही दोघी तव्याबद्दल बोलतो, कारण तो विषय दोघींना येतो.

दिवाळीत भाऊ आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. पानातलं घावन तोंडात घालून त्याने विचारलं, कोणी केलंय. मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच सांगून टाकलं. भावाने घास तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पानात आणखी एक वाढलं आणि गरम आहे तोवर खा म्हटलं.