धुऊन आणलेली साडी

समजा, हे काम तुमच्याकडं आहे. समोर पंचविशीची एक बाई टेबलावर निजली आहे. तिच्यावर अत्याचार झालाय. अंगावरचा प्रत्येक वळ मोजायचा, कागदावरच्या आकृतीवर त्याची खूण करायची, नखांखालचा मळ पाकिटात घ्यायचा. हात लावण्याआधी दर वेळी विचारायचं. ती नको म्हणाली की थांबायचं. आणि तुमच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

हर्सूलची सुलेखा सिस्टर हे काम अकरा वर्षं करते. तपासणी आणि सही डॉक्टरांची, बाकी सगळं तिच्या हातचं. शेजारणींनी वॉर्ड विचारला तर ती 'ड्रेसिंगचा' म्हणते.

मंगळवारी सकाळी पडेगावच्या पुढच्या वस्तीवरून दगडाबाई लेकीला, दीपमालाला, घेऊन आली. घटना आदल्या दिवशीची. लेक हात सोडेना, म्हणून आईलाही आत घेतलं. त्या वेळी अंगावर असलेली साडी घेऊन या, असं पोलिसांनी सांगितलं होतं. दगडाबाईनं पिशवीतून ती काढली. स्वच्छ धुतलेली, वाळवलेली, चौपदरी घडी घातलेली. लेकीलाही तिनं कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, वळांवर हळद लावली होती. मोठ्या दवाखान्यात मळकं कसं न्यावं, एवढाच तिचा विचार.

डॉक्टर चारुतांनी साडीची घडी उलगडून पाहिली आणि सुलेखाकडं नजर टाकली. ते दगडाबाईनं हेरलं.

"बाई, म्या धुतलं म्हणून काय बिघडलं का?"

बिघडलं होतं. साडीवरचा पुरावा गेलाच होता. अंगावर मात्र अजून काही सापडण्याची आशा होती. पण त्या म्हातारीचा चेहरा सुलेखाला बघवेना.

"नाही मावशी. तुम्ही धुतलं नसतं तरी काही फरक पडला नसता."

दगडाबाईनं सुस्कारा सोडला. दीपमाला मात्र टेबलावर उठून बसली आणि तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"काहीच फरक पडत नाय, तर मला कशाला उघडं करता?"

सुलेखा घाईनं समजावू लागली, की अजून मिळू शकतं, म्हणूनच हे नमुने घ्यायचे. पण धुण्यानं साडीवरचं गेलं, म्हणून अंगावरचं जास्तच हवं, हे खरं बोलायचं तर आईच्या तोंडावर बोलावं लागणार होतं. मावशी, जरा बाहेर बसता का, असं तिनं म्हणून पाहिलं. दीपमालानं आईचा हात आणखी घट्ट धरला.

"नाय म्हणलं की थांबता म्हणला होता ना, सिस्टर? मग थांबा."

दोघी थांबल्या. औषधं दिली, दिसले तेवढे वळ लिहिले. नखांचं एक पाकीट आधीच भरलं होतं, बाकीची कोरीच राहिली. फॉर्मवर 'पुढील नमुन्यांस नकार' असं सुलेखानंच लिहिलं. पंधरा दिवसांनी फेरतपासणीला बोलावलं होतं, दीपमाला आली नाही. फोन लागत नाही.

डॉक्टर चारुता म्हणतात, नियमाप्रमाणं सगळं बरोबर झालं. नियम सुलेखाला पाठ आहेत. पण लेक ऐकत असताना त्या आईला काय उत्तर द्यायचं, हे तिला कुणी सांगेल का?