आठ नंबरचा जोड

पाहुणे आले की दाराबाहेर चपला साठतात, तशा माझ्या वह्यांत बुटांच्या गोष्टी साठल्या आहेत. एक उचलावी तर खाली दुसरी निघते! बूट म्हणजे तो घोट्यापर्यंतचा कॅनव्हासचा, पुढे पांढऱ्या रबराची टोपी असलेला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परदेशात निघाला, तो बास्केटबॉलसाठीच. आता कॉलेजची मुलं, गिटारवाले, सगळेच घालतात. घाट मात्र तोच. मला याचं अजून नवल वाटतं.

कल्याणजवळ मोहन्याला, रेयॉन कारखान्याजवळच्या कॉलनीत आमची बास्केटबॉलची टीम होती. मी स्कोअरर, म्हणून सगळे मला ‘वही’ म्हणायचे. वर्गणीतून पाच जोड आले, खेळाडू नऊ. स्पर्धेत अनवाणी चालत नसे. मग रीतच पडली: बाहेर येणाऱ्याने बूट काढायचे, आत जाणाऱ्याने ते घालायचे. कोणाच्या जागी कोण, हे पायाच्या मापावर ठरायचं!

आठ नंबरचा जोड एकच. तो गायकवाड आणि जोसेफ, दोघांत. दोघेही टीममधले सर्वांत भारी, आणि दोघे कधीच एका वेळी मैदानात नाहीत.

* * *

कल्याणच्या एका मॅचला लेस ओली होऊन गाठ बसली. गायकवाड बाकावर बसून दातांनी गाठ सोडवतोय, जोसेफ समोरून बूट ओढतोय. रेफ्री वैतागून आले.

“मॅच चालू आहे की चपलांचं दुकान?”

जोसेफने मान वर केली नाही. “दुकान असतं तर दुसरा जोड नसता का, सर?”

* * *

जोसेफचं गाव उत्तन. सुट्टीत तो बूट धुवायला घरी घेऊन गेला. आईने ते बोंबील वाळत होते त्याच काठीला लटकवले!

पुढच्या मॅचला गायकवाडने ते घातले, आणि समोरचा एकही खेळाडू त्याच्या जवळ फिरकेना. मोकळाच सुटला. वहीचं ते पान त्याच्या बास्केटांनी काळं झालंय.

जाताना जोसेफला म्हणाला, “काकूंना सांग, यापुढे तिथेच वाळवा.”

* * *

अलीकडे गायकवाडच्या मुलीचं लग्न झालं. तिच्या अंगावर पांढरी साडी आणि पायांत तोच बूट, कोरा, पांढरा! गायकवाड माझ्या कानाशी म्हणाला, “वही, आपण हे बाकाखाली लपवायचो रे, फाटके दिसू नयेत म्हणून.”

जोसेफने वाकून पाहिलं. “नंबर काय गं?”

“पाच, अंकल.”

मग नवऱ्यामुलाला, “तुझा?”

“नऊ.”

“छान! दोघं एकत्र खेळा.”

सगळे हसले. गायकवाड हसला नाही. जेवताना म्हणाला, “पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मग खेळ बंद. त्याआधी एकदा तुझ्याबरोबर खेळायचंय, जोसेफ. एकदाच.”

* * *

जोसेफ घोडबंदर रोडला राहतो, गायकवाड दिव्याला. जोसेफने मॉलमधून टीमच्या ग्रुपवर बुटाचा फोटो टाकला, “गायक्या, तस्साच आहे! पांढरा घेऊ तुला?”

उत्तर आलं, “आमच्याकडे आंघोळीला पाणी नाही, बूट कशाने धुऊ? काळा घे.”

* * *

मॅच डोंबिवलीला, रविवारी सकाळी. जुने आम्ही आणि समोर तिथली पोरं. जोसेफ सुरुवातीपासून आत. गायकवाडला गुडघ्यामुळे शेवटची दोन मिनिटंच. बूट मळू नयेत म्हणून त्याने खोक्यातच ठेवले होते.

दोन मिनिटं राहिली. मी हाक मारली, “गायकवाड आत, म्हात्रे बाहेर!”

म्हात्रे बाहेर आला. त्याच्या मागोमाग जोसेफही आला, बाकावर बसला आणि लेस सोडायला लागला!

“अरे, तू कुठे आलास?” मी ओरडलो, आणि गायकवाडकडे पाहिलं. तो नुसत्या मोज्यांवर, जोसेफपुढे हात पसरून उभा. नवा जोड खोक्यात, कागदासकट.

दोघे एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले.

गायकवाडचा गुडघा वाकत नव्हता. जोसेफने खोकं ओढलं, खाली बसला, त्याच्या पायांत बूट चढवले आणि लेस बांधल्या. रेफ्री घड्याळ बघत होते.

वहीत पहिल्यांदाच दोघांच्या नावांपुढे एका वेळी खूण केली.

शिट्टी झाली. जोसेफने पहिला पास न बघताच मागे टाकला.

गायकवाड तिथेच होता.