लेकमाय

नत्थुजी गावंडे दर्यापूर डेपोत ड्रायव्हर होते. ज्या वर्षी ते निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा अमोल डेंग्यूनं गेला. पोराच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पुढचे कित्येक महिने नत्थुजी ओसरीवर नुसते बसून असायचे. एक दिवस त्यांनी बायकोला विचारलं, "आपले पयले लोक इथं आले कसे वं?"

गोदाबाई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आता कोनाले सांगाचं हाये ते?"

तिचं खरं होतं. सांगायला पुढं कोणी उरलं नव्हतं. म्हणूनच असेल, नत्थुजींचं मन मागं मागं धावू लागलं.

घरात एक गोष्ट चालत आलेली होती. इंग्रजांच्या हाती वऱ्हाड आलं तेव्हा पूर्णेकाठी कितीक गावं उजाड पडली होती. पडीक मोडील त्याला जमीन, ही खबर लांबवर गेली. नत्थुजींचा खापरपणजोबा पुंजाजी जालन्याकडून बैलगाडीत बायको-लेकरं घालून निघाला. पातूरचा घाट उतरल्यावर थोरली पोरगी तापानं वारली. पुंजाजीनं पुढं येऊन बाभळी तोडल्या, रानातल्या तरोट्याची भाजी खाऊन दिवस काढले आणि जमीन उभी केली. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाखाली, त्यानं त्या पोरीसाठी एक गोटा मांडला. तिचं नाव पुढच्यांच्या लक्षात राहिलं नाही. सारे तिला लेकमाय म्हणत. घरातली लेकरं ती राखते, असं मानत. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचा पहिला घास तिचा. अमोल अमरावतीच्या दवाखान्यात होता तेव्हा गोदाबाई एकटीच शेतात गेली होती आणि त्या गोट्यापुढं पदर पसरून संध्याकाळपर्यंत बसली होती.

नत्थुजींना फार काही नको होतं. त्या पोरीला जिथं मातीआड केलं ती जागा एकदा पाहायची, हात जोडायचे. अकोल्याहून ते पातूरकडे जाऊ लागले. घाटाखालच्या एकेका गावी उतरायचे, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचे आणि रिकामे परत यायचे. एका गावात कोणी तरी म्हणालं, "जुनं काही असन तर जयवंताबाईले इचारा."

जयवंताबाई ऐंशीच्या पुढची. अंगणात बसून लसूण सोलत होती.

"कोन्त्या गावचे जी तुमी?"

"दर्यापूरकडचा. गावंडे. आमचे पुंजाजी याच वाटेनं गेले होते. त्यायची पोरगी वारली इथं. तिची जागा पाहाले आलो."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वारली नाही जी ते."

नत्थुजींना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"माह्या आजेसासूची सासू होती ते. भागी तिचं नाव. पुंजा गावंड्याची भागी. ताप भरला, बाकीच्या लेकरायले लागन या भेवानं या घरी ठेवलं तिले. जमीन भेटली का घ्याले येतो, असं बाप बोलून गेला. तिचा ताप उतरला. इथंच वाढली, इथल्याच पोराले देली. माहेर-सासर एकच उंबरठा. चांगली म्हातारी होऊन मेली."

"मंग घ्याले कोनीच आलं नाही?"

जयवंताबाईनं लसणाची टोपली बाजूला सारली.

"आला होता म्हनत. एक डाव बापच आला होता. भागी अंगनात भाकर खात होती. त्यानं कुपाच्या बाहेरून पायलं आन् तसाच माघारी फिरला. तिनं ओळखलं ना! हातातली भाकर टाकून पयाली. बाबा, बाबा करत पार नाल्यापर्यंत गेली. त्यानं मान वळवली नाही. मरेपर्यंत इचारे म्हनत ते, बाबा काहून नाही थांबला? तुमी त्यायच्या घरचे. तुमी सांगा, काहून नाही थांबला?"

नत्थुजींना तरोट्याची भाजी आठवली. लहानपणापासून ती गोष्ट ते छाती फुगवून सांगत आले होते. ते कसंबसं म्हणाले, "तिकडं खायाले नसन, बाई. इथं तिच्या हातात भाकर दिसली त्याले."

"असन," जयवंताबाई म्हणाली. "पन एक डाव जवळ घ्याचं होतं."

पुंजाजीनं घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, हे नत्थुजींना आता कळत होतं. पोरगी गेली म्हणाला असेल. गोटा मांडला असेल. त्या माऊलीनं जन्मभर जित्या लेकराला निवद दाखवला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून नत्थुजी रडले. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली.

गोदाबाईला सांगू नये, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि विचारलं, "सापडली जागा?" तेव्हा त्यांच्यानं खोटं बोलवेना. त्यांनी सारं सांगितलं.

गोदाबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मी म्हनलं होतं लेकमायले, तू लेकरू गमावलेल्यायच्या घरची हायेस, माह्यं लेकरू राख. ते तिथं नोतीच?"

"नोती."

"मंग माह्या अमोलजवळ कोन होतं वो?"

नत्थुजी पानावरून उठले. ताट तसंच राहिलं.

त्यानंतर त्यांचं गावोगाव फिरणं थांबलं. पुंजाजीच्या आधी कोण, जालन्याकडचं कोणतं गाव, याची त्यांना चाड उरली नाही. येणाऱ्या अखजीला गोदाबाई धुऱ्यावर गेली नाही. पुरणही घातलं नाही.

दिवाळीत मात्र तीच म्हणाली, "चाला, भागीच्या घरी." तिनं दर्यापूरच्या बाजारातून हिरवं लुगडं आणि बांगड्या घेतल्या होत्या. भाऊबीजेला दोघं जयवंताबाईच्या दारात उभे राहिले.

गोदाबाईनं कुंकू लावलं आणि लुगडं ओटीत घातलं. जयवंताबाईनं त्याची घडी मोडली नाही. नुसता हात फिरवत राहिली. "हे तिले पायजे होतं वं माय," ती म्हणाली. "दर दिवाळीले ते नाल्याजवळच्या दगडावर बसून वाटंकडं पाहे म्हनत. मी काय, मी तर सून या घरची."

"दाखोता का मले थो दगड?"

नाल्याच्या वाटेवर एक बसका, गुळगुळीत काळा दगड होता. गोदाबाई त्याच्यावर बसली. समोर रस्ता, ट्रक, पलीकडे तुरीचं शेत. जयवंताबाई तिच्या शेजारी खाली मातीत टेकली. गोदाबाईनं अमोलचं सांगायला सुरुवात केली. त्याला काय आवडायचं, शेवटी दवाखान्यात तो काय बोलला. नत्थुजींसमोर तिनं हे कधी काढलं नव्हतं. ते थोडं दूर उभे राहून ऐकत होते. जयवंताबाई मधेच हुंकार देत होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

अकोल्याची शेवटची गाडी समोरून गेली. नत्थुजींनी तिला हात केला नाही. मुक्काम तिथंच पडला.