बॅडमिंटनच्या रॅकेटशेजारचं रिव्हॉल्व्हर

इंग्लंडात सगळ्यांत जास्त काळजी करणारा माणूस कोण, अशी कुणी स्पर्धा ठेवली असती तर आमचे डॉक्टरकाका बिनविरोध पहिले आले असते, आणि बक्षीस घ्यायला बोलावल्यावर स्टेज मोडेल म्हणून खालीच उभे राहिले असते. ते भूल देणारे डॉक्टर. "सर्जन आशेवर जगतो," ते म्हणायचे, "आम्ही मात्र पेशंट झोपल्यापासून जागा होईपर्यंत आता काय बिघडेल याचाच विचार करायचा. त्याचाच पगार." पगार ते हॉस्पिटलात घ्यायचे आणि विचार वेम्बलीला घरी घेऊन यायचे. टीव्हीवरच्या बाईने जोराचा वारा सुटेल असं म्हणायचा अवकाश, काका बाथटब पाण्याने भरून ठेवत, आणि मग दोन दिवस आम्ही बादलीने आंघोळ करायचो, कारण टबातलं पाणी संकटासाठी राखीव. जिन्याच्या प्रत्येक पायरीला अंधारात चमकणारी पट्टी. दाराशी शिट्टी, टॉर्च आणि आग विझवायचं ब्लँकेट. रविवारी जेवताना मधेच ते अगदी हळू आवाजात "आग" असं म्हणायचे आणि आम्ही ताटं खाली ठेवून, शिट्टी फुंकत, समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं. शेजारच्या गोऱ्या आजीबाईंना हा आमचा काहीतरी धार्मिक विधी वाटायचा. एका रविवारी शिट्टी ऐकून त्या केकची बशी घेऊन आमच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि पुढे दर वेळी येऊ लागल्या.

मी त्यांची तशी कुणीच नव्हे. काकूंच्या माहेरच्या शेजारची, तासगावची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मुलगा पुण्याला असायचा, त्यामुळे काकूंचे गुडघे आखडले तेव्हा घरकामाला म्हणून त्यांनी मला इकडे आणलं. निघताना माझ्या वडिलांनी काकांचा हात धरला होता, आणि काकांनी त्यांना, "शालनला काही होऊ देणार नाही," असा शब्द दिला होता. दुसरा कुणी असता तर विमानात बसेपर्यंत विसरला असता. माझा व्हिसा त्यांच्या घराला बांधलेला होता. त्या घरावर काही बालंट आलं की माझा गाशा गुंडाळला, आणि गावी आजारी वडील नि पाठचा भाऊ माझ्याच आधारावर. त्यामुळे काका साऱ्या जगाची काळजी करायचे आणि मी फक्त काकांची.

त्यांचा आणखी एक रोग म्हणजे त्यांना खोटं बोलता यायचं नाही. सभ्य खोटंसुद्धा नाही. एकदा हॅरोला कुणाकडे जेवायला गेलो, तर यजमानीणबाईंनी भात कसा झालाय विचारल्यावर ते म्हणाले, "कच्चा आहे, पण तुम्ही घाईत होता हे दिसत होतं." हीथ्रोला कस्टमवाला आम्हाला हाताने पुढे जा म्हणत असताना काका स्वतःहून थांबले आणि त्याला म्हणाले, "लोणचं आहे, आणि तुम्हाला वाटेल त्यापेक्षा जास्त आहे." काकूंनी त्या दिवशी पार्किंगपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मी आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, भर दुपारी मी एकटी घरात वाटाणे सोलत बसले असताना पुढच्या खिडकीतून वीट आत आली. बाहेर पोरं हसत, शिव्या देत पळाली. काचा पार स्वयंपाकघरापर्यंत उडाल्या. काका आले, स्वतः केर काढला, आमटीचं पातेलं ओतून टाकलं, आणि माझ्या पायाला कुठे काच लागली आहे का हे भिंगातून पाहिलं. खिडकीला आत तारेची जाळी असलेली काच बसली. त्या रविवारी मात्र "आग" झाली नाही. जेवता जेवता ते म्हणाले, "घरात एक हँडगन हवी. विश्वासू."

काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हाला झुरळ मारवत नाही. कागदावर घेऊन बागेत सोडता."

"मारायला कोण म्हणतंय? संकटाला हवी."

माझी पोळी तव्यावर तशीच राहिली.

विश्वासू म्हणजे काय, याची काकांची एकच कसोटी होती: घाबरलेल्या माणसाला, अंधारात, ओल्या हाताने चालवता आली पाहिजे. या कसोटीवर त्यांनी घरातला डबे उघडायचा ओपनर निवडला होता. मला साबणाचे हात करून, डोळे मिटून सात-आठ ओपनरांनी टोमॅटोचे डबे उघडायला लावले होते आणि पंधरा दिवस आम्ही टोमॅटोचं सार प्यालो होतो. हीच कसोटी आता बंदुकीला लागणार होती. पण मधे कायदा आला. त्या काळी इकडे पिस्तूल ठेवता यायचं, मात्र पोलिसांचा परवाना लागायचा आणि त्यासाठी सबळ कारण द्यावं लागायचं. नेमबाजीच्या क्लबात खेळतो, हे कारण चालायचं. घराच्या रक्षणासाठी हवी, असं म्हटलं की संपलं. क्लबातल्या लोकांनी काकांना कानात सांगितलं, "डॉक्टर, खेळासाठी म्हणा म्हणजे झालं." काका घरी येऊन सुतकी चेहऱ्याने बसले. काकूंना वाटलं, सुटलो. पण काकांनी त्यावर उपाय काढला. खोटं बोलता येत नसेल तर ते खरं करायचं. दर रविवारी ते क्लबला जाऊ लागले, तिथल्या बंदुकीने कागदी गोलांवर नेम धरू लागले, आणि असं वर्षभर केल्यावर एक दिवस घरी येऊन म्हणाले, "मला आवडायला लागलंय. आता अर्ज करायला हरकत नाही."

आणि मग निवड. स्वयंवरात राजकन्येने घेतला नसेल इतका वेळ त्यांनी घेतला. क्लबातल्या प्रत्येकाचं पिस्तूल मागून पाहिलं. चष्मा काढून झाडून पाहिलं, डाव्या हाताने झाडून पाहिलं, हातमोजे ओले करून झाडू का, असं विचारल्यावर क्लबच्या सेक्रेटरीने त्यांना चहा प्यायला पाठवून दिलं. संध्याकाळी जेवताना आम्हाला सगळा अहवाल ऐकावा लागे. "ऑटोमॅटिक म्हणजे नवा हुशार डॉक्टर. चालतं तोवर झकास. पण एक काडतूस रुसलं की सगळं अडतं, आणि मग सायबांची समजूत काढत बसा. रिव्हॉल्व्हर म्हणजे जुनी सिस्टर. दिखावा नाही, बडबड नाही. एक काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं हजर." काकू म्हणाल्या, "मग सिस्टरच आणा, निदान भांडी तरी घासेल." शेवटी आलं ते एक जुनं, जाडजूड, काळपट रिव्हॉल्व्हर. भिंतीत ठोकलेल्या पोलादी कपाटात ते, काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटाची किल्ली तिसरीकडे. मी घरात असताना तिकडे पाठ करून झाडू मारायची.

तीन वर्षं गेली. मी इकडे कायमची राहावी म्हणून काकांनी माझा अर्ज भरला, मालक म्हणून सही केली, आणि माझा पासपोर्ट क्रॉयडनच्या व्हिसाच्या ऑफिसात जाऊन पडला. त्याच सुमाराला काकांच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. पोलीस घरी तपासणीला येतील, एवढंच कळलं होतं. कधी, ते कळलं नव्हतं. त्या दिवसांत मी बेल वाजली तरी दचकायची.

तो आला तो नेमका खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, त्यांनाही सुट्टी. बैठकीच्या खोलीत पाट मांडला होता. पहिल्या रांगेत पोटापाण्याची हत्यारं: काकांचा स्टेथोस्कोप, घशात घालायचा दिवा, काकूंची विळी, माझं लाटणं. दुसऱ्या रांगेत संकटाची: टॉर्च, शिट्टी, ब्लँकेट, तो ओपनर आणि त्यांच्यात रिव्हॉल्व्हर. शेवटी एका कोपऱ्यात काकूंची कॉलेजातली बॅडमिंटनची रॅकेट. सगळ्यांना हळदकुंकू, ईलिंग रोडवरून आणलेला झेंडू. आणि काका सोवळ्यावर कार्डिगन घालून अथर्वशीर्ष म्हणत होते.

दार मीच उघडलं. उंच, पिकल्या मिशांचा पोलीस, टोपी काखेत. तो आत आला, पाटाकडे पाहिलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "लोडेड आहे का, डॉक्टर?"

"नाही. काडतुसं वरच्या खोलीत आहेत."

त्याने वाकून हात पुढे केला. काका म्हणाले, "प्लीज, आज हात लावू नका."

माझ्या डोळ्यांपुढून माझा पासपोर्ट पंख लावून तासगावकडे निघाला. पोलिसाचा हात तसाच हवेत. "मग कुणी लावायचा?"

"कुणीच नाही. मीसुद्धा नाही. उद्यापर्यंत."

"आणि आज रात्री हे कुठे असणार? कपाटात असायला हवं."

दुसऱ्या कुणाला काहीतरी सुचलं असतं. काका म्हणाले, "गेल्या वर्षी मी रात्रभर शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. जागा."

"कायद्यात, डॉक्टर, तुम्ही कपाट धरले जात नाही."

ज्या माणसाने प्रत्येक संकटाची तयारी केली होती त्याच्याकडे या एकाची तयारी नव्हती. काकू कोचावरून म्हणाल्या, "अहो, अक्षता टाका आणि जरा हलवा. गणपतीला चालतं, तुमच्या लोखंडाला का चालू नये?" काकांचा जीव भांड्यात पडला. ते अक्षता शोधू लागले. पण पोलिसाची नजर पाटावरच होती.

"एक विचारू? ते त्या टॉर्चच्या आणि ब्लँकेटच्या रांगेत का आहे?"

स्वयंपाकघरात शिरा लागल्याचा वास यायला लागला होता आणि मला हलता येत नव्हतं. काकूंनी डोळे मिटून घेतले. खेळाचं सामान आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. काकांनी चष्मा काढला, कार्डिगनला पुसला, परत घातला.

"पहिल्या रांगेवर आम्ही जगतो. दुसऱ्या रांगेत मला ज्याची भीती वाटते त्याचं सामान आहे. मी दर रविवारी क्लबला जातो, ते मला खरंच आवडतं. पण आज सकाळी मांडताना माझ्या हाताने ते तिथे ठेवलं."

पोलिसाने खिडकीच्या तारेच्या काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ही काच कधी बसवली?"

काकांनी विटेचं सांगितलं. वडिलांना दिलेल्या शब्दाचंही सांगितलं, जे मी तिथे पहिल्यांदा इंग्रजीत ऐकलं. पोलिसाने काखेतली टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "हे पाहा डॉक्टर. ते त्या रांगेतलं असेल तर मला आत्ता बरोबर न्यावं लागेल. ते त्या रॅकेटशेजारचं असेल तर मी सही करतो. मला लगेच सांगू नका. तुमची पूजा उरका." आणि तो टोपी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.

नुसतं इकडचं तिकडे ठेवायचं होतं. पण काकांना ओळखणाऱ्या आम्हा दोघींना माहीत होतं की ते एकदा रॅकेटशेजारी ठेवलं, की मग घराला आग लागो की दार फुटो, काका त्या कपाटाला हात लावणार नाहीत. त्यांनी मंत्र म्हटला. अक्षता टाकल्या. रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या मुलाला उचलतात तसं, आणि धरून उभे राहिले. शिट्टीकडे पाहिलं, टॉर्चकडे पाहिलं, माझ्याकडे तर इतका वेळ पाहिलं की मलाच खाली बघावं लागलं. मग वाकून त्यांनी ते रॅकेटशेजारी ठेवलं, आणि त्यावरचं झेंडूचं फूल नीट केलं.

पोलिसाने सही केली. लागलेला शिरा दोनदा मागून घेतला.

पुढे माझा पासपोर्ट शिक्का बसून आला. आणि त्यानंतर कधीतरी, एका दुपारी, दोन टवाळ पोरं दारावर लाथा मारायला लागली. काका घरी होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. ते कपाटाकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी मला मागे सारलं, शिट्टी उचलली आणि खिडकी उघडून गाल फुगेस्तोवर फुंकली. पहिल्या शिट्टीसरशी शेजारच्या आजीबाई केकची बशी घेऊन बाहेर आल्या आणि फुटपाथवर आपल्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून समोरचं गुजराती कुटुंब, त्यांच्यामागून कोपऱ्यावरचे दोघे. एवढा जमाव कशासाठी जमतोय हे त्या पोरांना कळेना. ती निघून गेली. केक आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

नव्वदीच्या उत्तरार्धात इकडे एका शाळेत लहान मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर सरकारने घरोघरच्या हँडगन जमा करायला लावल्या. काकांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. बातमी ऐकली त्या दिवसापासून ते क्लबला गेले नाहीत. जमा करायला मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तोवर मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागले होते, हॅरोला स्वतःची खोली होती. परत येताना बारीक पाऊस लागला. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं कोपर धरलं. आधार कुणी कुणाला दिला, ते सांगता येणार नाही. मग म्हणाले, "शालन, आता तुझ्या वडिलांना काय सांगू?"

वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. काकांनाही ते माहीत होतं.

मी म्हटलं, "सांगा, पोरीला काही झालं नाही."

ते थोडं चालले. "तसं सांगता येईल," म्हणाले. "ते खरं आहे."

आता काकाही नाहीत. काकू पुण्याला मुलाकडे गेल्या तेव्हा शिट्टी, टॉर्च आणि रॅकेट मला देऊन गेल्या. खंडेनवमीला मी पाट मांडते, रांगा तशाच लावते. रॅकेटशेजारी वीतभर जागा मोकळी सोडते. सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं की हातात एक झेंडू उरतो, तो मी त्या मोकळ्या जागेवर ठेवते, आणि मग दाराची कडी लागली आहे ना, ते एकदा बघून येते.